एक वीत मागे

१

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटासमोर उभं राहिलं की तिला हे दर वेळी नव्याने पटायचं. कपाटाला तीन फळ्या होत्या. खालच्या फळीवर परवडणाऱ्या लेन्स, मधल्या फळीवर ओढाताण करून परवडतील अशा, आणि वरच्या फळीवर नुसतं बघून उसासा टाकायच्या.

ती फोटोग्राफर होती. घराच्याच पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता आणि माणसांचे चेहरे टिपणं हा तिचा धंदा. बारा वर्षं जिने साथ दिली त्या लेन्सच्या आत बुरशी धरली होती. उजेडाकडे धरली की आत कोळ्याने संसार थाटल्यासारखं दिसायचं. सोमवारपासून शाळेचं काम होतं. दोनशे ऐंशी मुलं, प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो, आणि मुख्याध्यापिकाबाईंची अट अशी की चेहरा लख्ख हवा आणि मागचं सगळं विरघळलेलं. हे काम हातचं गेलं तर वर्षभर ओळखपत्रांचे फोटो काढत बसायचं. ओळखपत्राच्या फोटोत प्रत्येकजण चोर दिसतो, त्यात फोटो काढणाऱ्याचा काही दोष नसतो, पण बोलणी तिलाच खावी लागतात.

"नवी कोरी घ्यायची तर ही वरची," दुकानदार काका म्हणाले. "स्वस्तात नवी हवी तर ही प्लास्टिकची. पण तुम्ही हिला हात लावू नका ताई, मला वाईट वाटेल."

"मग माझ्यासाठी राहिलं काय?"

काकांनी कपाटातून नव्हे, गल्ल्याखालच्या खणातून एक लेन्स काढली. धातूची, जड, कडेचा काळा रंग झिजून खालचं पितळ दिसत होतं. काच मात्र इतकी स्वच्छ होती की तिथे काच आहे हे बोट लावल्याशिवाय कळलं नसतं. काकांनी आकडा सांगितला. तो तिच्या बजेटच्या इतका आत होता की तिला आनंदाच्या आधी संशय आला.

"काय झालंय हिला?"

"मला तरी काही दिसलं नाही. तुम्ही तपासा. माझा शिरस्ता तुम्हाला ठाऊक आहे, तीन दिवस घरी न्या. शनिवारी सातपर्यंत परत आणा, नाहीतर ठेवते म्हणून फोन करा. एकदा ठेवलीत की मग मी परत घेत नाही."

तिने लेन्स ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवली. रस्ताभर ती पिशवीला कोपराने चाचपत होती.

२

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पूर्वी एकदा ती भोळेपणाने फसली होती, म्हणून आता कोणतीही लेन्स आली की तिची परीक्षा ठरलेली. टेबलावर मोजपट्टी तिरकी चिकटवायची, तिच्या मधोमध घड्याळाचा सेल उभा करायचा, सेलवरच्या अक्षरावर नेम धरायचा आणि फोटो काढायचा. अशी लेन्स जास्तीत जास्त उजेडासाठी पूर्ण उघडली की एका वेळी जेमतेम दोन बोटं जाडीचाच भाग लख्ख दिसतो. त्याच्या अलीकडचं धूसर, पलीकडचंही धूसर. ती दोन बोटं माणसाच्या डोळ्यांवर पडली तर फोटो, कानांवर पडली तर कचरा.

ही लेन्स सेलवर अचूक बसली. अक्षरांच्या कडा सुईने कोरल्यासारख्या होत्या. मग तिने खिडकीतली कुंडी काढली, दाराची कडी काढली, स्वयंपाकघरातून डोकावणारा नवरा काढला. सगळं अचूक. नवऱ्याच्या भुवईतला पांढरा केसही सुटला नाही.

"हा पुसून टाकता येईल का?" नवऱ्याने विचारलं.

"भुवई पुसून टाकते सगळी," ती म्हणाली. ती खुशीत होती. इतक्या कमी पैशात इतकी चांगली वस्तू आपल्या नशिबात कशी, एवढाच प्रश्न होता, आणि नशीब उघडलं की त्याला दाखला मागू नये असं तिने ठरवून टाकलं.

३

शुक्रवारी दुपारी तिने मुलीला खुर्चीवर बसवलं. मुलगी सात वर्षांची. घरात तिला गिरकी म्हणत, कारण सरळ चालत जाणं तिला माहीतच नव्हतं. मोरीपर्यंत जायचं तरी दोन गिरक्या घेऊन जायची. शाळेच्या कामाची तालीम म्हणून याच वयाचं मूल समोर हवं होतं.

स्टुडिओत उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून उजेड यायचा. मागे राखाडी कापडाचा पडदा, पडद्याच्या पुढे चार हातांवर लाकडी खुर्ची, खुर्चीसमोर स्टँडवर कॅमेरा. त्या दुपारी उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ होता आणि रस्त्यावरचे आवाज फार लांबून आल्यासारखे वाटत होते. मायलेकी दोघींनाही पेंग येत होती.

"एक मिनिट गप्प बस गं बाई."

"बसले तर आहे. पाय हलतायत फक्त," गिरकी नख कुरतडत म्हणाली.

तिने डोळ्यावर नेम धरून वीस फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. वीसच्या वीस फोटोंत गिरकीचा चेहरा धूसर होता. फार नाही, झोपेतून उठल्यावर पहिल्या क्षणी समोरचं माणूस दिसतं तेवढा. फोकस मागे पडत होता.

मूल हललं असेल, हा पहिला विचार. पण हलणारं मूल कधी पुढे हलतं, कधी मागे. इथे प्रत्येक वेळी चूक एकाच बाजूला होती आणि एकाच मापाची. तिने खुर्चीशी मोजपट्टी लावून पाहिलं. मुलीच्या डोळ्यांमागे एक वीत. जिथे काहीच नव्हतं, तिथे लेन्स नेम धरून बसत होती.

काहीच नव्हतं म्हणायला एक गोष्ट होती. वीसही फोटोंत गिरकीच्या डाव्या खांद्यामागे, मोकळ्या हवेत, दोन-तीन केस लख्ख दिसत होते. तिने कॅमेऱ्याच्या आत फुंकर मारली, लेन्स पुसली, खुर्चीची पाठही पुसली. केस मुलीचेच असतील, विस्कटलेले. असं म्हणून तिने कॉम्प्युटरवरचे ते फोटो बंद केले.

४

या धंद्यात फोकस मागे पडणं ही सर्दीसारखी गोष्ट. त्याला औषधही आहे. कॅमेऱ्यात त्या-त्या लेन्ससाठी एक आकडा घालता येतो, उणे वीसपासून अधिक वीसपर्यंत. उणे केलं की फोकस पुढे ओढला जातो, अधिक केलं की मागे सरकतो. आकडा जुळला की कॅमेरा तो लक्षात ठेवतो, मग आयुष्यभर बघायला नको.

आता खरं तर इथे तिने थांबायला हवं होतं. सेलवर अचूक, कुंडीवर अचूक, नवऱ्यावर अचूक, आणि फक्त पोरीवर चुकते, अशी लेन्स जगात नसते. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने नवऱ्याला बोलावून त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात बसवलं. अचूक. पुन्हा गिरकी. एक वीत मागे.

"तुझी लेन्स पोरीला घाबरते," नवरा म्हणाला. "मीही घाबरतो. त्यात काय?"

"अंतराचा फरक असेल. ती बुटकी आहे, कॅमेरा खाली वाकवावा लागतो."

"असेल बाई. तुझं शास्त्र तुला माहीत."

तिने स्वतःला अशी तीन-चार कारणं दिली. प्रत्येक कारण लंगडं होतं. पण सोमवारी अशाच बुटक्या दोनशे ऐंशी मुलांचे फोटो काढायचे होते, हातात दुसरी लेन्स नव्हती, आणि गरज असली की लंगडं कारणही पळतं. तिने आकडा उणे पाच केला.

५

उणे पाचवर केस जवळ आले. आता ते खांद्यामागे नव्हते, मानेपाशी होते, आणि दोन-तीनच्या जागी छोटी बट होती.

उणे दहावर गिरकीचे कान स्पष्ट झाले. ती चुळबुळ करत होती, खुर्चीच्या कडेला सरकत होती.

"आई, ढकलू नको ना."

"मी कशी ढकलेन? मी इथे कॅमेऱ्यापाशी आहे."

"तू नाही गं."

"मग कोण?"

गिरकीने मान वळवून मागे पाहिलं. मागे राखाडी कापड होतं. तिने पुन्हा आईकडे पाहिलं आणि खांदे उडवले. पोरांना गोष्टी रचायची सवयच असते, आईने मनात म्हटलं, आणि आकडा उणे पंधरा केला.

"आई, मला इथे जागा नाहीये."

"झालंच बाळा. शेवटचे थोडे. इकडे बघ."

नंतर गिरकीची ही तीन वाक्यं तिने मनात किती वेळा परत म्हणून पाहिली त्याला गणती नाही. तेव्हा मात्र तिचं सगळं लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या पापण्यांकडे होतं. पापण्या अजून जराशा मऊ दिसत होत्या. तिने आकडा उणे वीसवर नेला, म्हणजे जिथे तो संपतो तिथे, आणि बटण दाबून धरलं. कॅमेरा टकटक टकटक करत राहिला. मध्ये कुठेतरी गिरकीचे पाय हलायचे थांबले.

६

फोटो अप्रतिम होते. इतका चांगला चेहरा तिने आयुष्यात टिपला नव्हता. एकेक पापणी वेगळी, ओठावरची सूक्ष्म लव वेगळी, आणि मागचं कापड धुकं होऊन गेलेलं. नवरा ओला हात पुसत आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"घेऊन टाक," तो म्हणाला. "ही शहाणी दिसतेय यात. आपली वाटत नाही."

तो थट्टा करत होता. ती हसली आणि एकामागून एक फोटो पुढे ढकलू लागली. चाळीस फोटो होते. कळ दाबत गेली तसं तिला वाटलं की कळ अडकलीये, कारण पडद्यावर काही बदलत नव्हतं. कोपऱ्यातला आकडा मात्र बदलत होता. बावीस, तेवीस, चोवीस. चेहरा तोच, मान तीच.

हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मुलाचे चाळीस फोटो काढले की आठ-दहांत तरी डोळे मिटलेले असतात. ते आधी काढून टाकायचे आणि उरलेल्यांतून निवडायचं, हीच रीत. तिने चाळीसही तपासले. एकातही पापणी लवलेली नव्हती.

संध्याकाळी जेवताना ती मुलीकडे बघत होती. मुलगी ताटातलं सगळं निमूट जेवली, पाणी न सांडता प्यायली. पापणी लवत नाही असं आईच्या मनात आलं, आणि लगेच ती लवली. आईने सुटकेचा श्वास सोडला. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण वाट बघतो तेव्हाच ती लवते. घर शांत होतं. कुठेच कुणी नाचत नव्हतं, काही पडत नव्हतं, आणि या शांततेला ती वर्षानुवर्षं तरसली होती.

"दमली असेल," नवरा म्हणाला.

मुलगी उठली आणि मोरीकडे हात धुवायला गेली. सरळ चालत.

७

शनिवारी सकाळी तिला वाटलं, आपण वेडगळ झालोय. झोप नीट लागली नव्हती, डोकं कापसाने भरल्यासारखं होतं. लेन्स परत करायची, प्लास्टिकची घ्यायची आणि हा विषय मिटवायचा, असं तिने ठरवलं. परत करण्याआधी कॅमेऱ्यातला आकडा पुसणं हा तिचा नियम. तिने तो शून्यावर आणला. आणि शून्यावर आणलाच आहे तर एक शेवटचा फोटो, म्हणून मुलीला हाक मारली.

मुलगी आली, खुर्चीवर बसली. हात मांडीवर. काही सांगावं लागलं नाही.

तिने एकच फोटो काढला. चेहरा धूसर आला, काल सुरुवातीला आला होता तसाच. फोकस एक वीत मागे. पण आता त्या रिकाम्या जागेत केस नव्हते. खुर्चीच्या पाठीवर मागच्या बाजूने चार बोटं धरलेली होती. लहान, गच्च धरलेली, लख्ख. नखं दातांनी खाऊन बारीक झालेली.

तिने कॅमेऱ्यावरून मान वर करून पाहिलं. मुलीचे दोन्ही हात मांडीवर होते. नखं वाढलेली, सारखी, स्वच्छ. खुर्चीच्या मागे कुणी नव्हतं.

ती मटकन खाली बसली नाही की किंचाळली नाही. माणसं अशा वेळी जे सवयीचं असतं तेच करतात. तिने पुन्हा तपासणी सुरू केली. आकडा उणे केला, तर बोटं नाहीशी झाली आणि खुर्चीवरचा चेहरा उजळला. अधिक केला, तर बोटं खुर्ची सोडून मागे गेली, कापडापर्यंत, लांब आणि बारीक. तिने घाईघाईने परत शून्य केलं. पुढच्या फोटोत बोटं परत पाठीवर होती. मग तिने आपली जुनी, बुरशीची लेन्स लावून पाहिली. तिच्यातून खुर्ची दिसली, मुलगी दिसली, मागे नुसतं कापड.

तिने पितळेची लेन्स पुन्हा चढवली. ती चढवताना आयुष्यात पहिल्यांदा तिला लेन्स खाली पडण्याची भीती वाटली ती पैशामुळे नव्हे.

८

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि या वेळी फोकस कॅमेऱ्यावर न सोडता लेन्सची कडी हाताने फिरवायला घेतली. केसभर. अजून केसभर. खुर्चीवरचा चेहरा हळूहळू विरघळत गेला. मुलीच्या खांद्यावरून मागची हवा घट्ट होत गेली, आणि क्षणभर, कडी बोटाखाली थरथरली तेवढाच वेळ, एक कपाळ आणि एक डोळा दिसला. डोळा रडून सुजलेला होता. तो सारखा मिटत आणि उघडत होता.

"आहेस ना?" ती पुटपुटली. "आहेस तिथे?"

"मी इथे आहे ना आई," खुर्चीवरून उत्तर आलं.

दुपार कशी गेली तिला कळलं नाही. नवरा दोनदा जेवायला बोलावून गेला. तिसऱ्यांदा तो आत आला तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता.

"अगं, सहा वाजून गेले. दुकान बंद होईल. पोरगी किती वेळ बसलीये बिचारी."

"तू बघ जरा यातून. खुर्चीच्या मागे बघ."

तो वाकला, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. त्याला काही सापडावं असं त्यालाही वाटत होतं, कारण बायकोचा चेहरा त्याने पाहिला होता.

"धूसर दिसतंय मला सगळं," तो शेवटी म्हणाला. "कापड तेवढं छान दिसतंय. काय आहे तिथे?"

काय सांगणार? सांगितलं असतं तर त्याने प्रेमाने डोक्यावरून हात फिरवला असता, डॉक्टरकडे नेलं असतं, आणि तेवढ्यात सात वाजून गेले असते. लेन्स कपाटात गेली असती, आणि मग दुसऱ्या कुणाच्या पिशवीत. आपण चुकत असू, तिने स्वतःला सांगितलं. झोप नाही, कामाची काळजी, डोळ्यांवर ताण. हे सगळं खरं असू शकतं. आणि ते खरं नसलं तर? दोन्हींतली कोणती चूक परवडेल, एवढंच आता बघायचं होतं.

"आई," खुर्चीवरची मुलगी म्हणाली. तिचा आवाज गोड होता, अगदी गिरकीचाच. "देऊन टाक ना ती लेन्स परत. नवी घे आपल्याला."

नवरा हसला. "बघ, हिलाही कळतं."

कॅमेऱ्याला डोळा लावलेलाच ठेवून तिने खिशातून फोन काढला आणि नवऱ्यापुढे धरला. "मुख्याध्यापिकाबाईंना कळव, सोमवारी मी येणार नाही. दुसरं कुणी बघा म्हणावं."

"काय?"

"कळव. माझ्या हातून या लेन्सने दुसऱ्या कुणाच्या मुलाचा फोटो निघणार नाही. आणि त्याआधी काकांना लाव."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि नंबर लावून फोन तिच्या कानाला धरला.

"काका, ठेवते ही."

"नीट तपासलीत ना ताई? नंतर मी परत घेणार नाही हं."

"तपासली."

"सगळं स्वच्छ दिसतंय ना हिच्यातून?"

कडी तिच्या बोटांत होती. तिने ती केसभर मागे नेली. खुर्चीमागे, एक वीत अंतरावर, एक छोटा तळहात हळूच वर आला आणि काचेवर ठेवावा तसा तिच्या दिशेने सपाट झाला.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि तिने डोळा काढला नाही.